वरची पदवी, गावचा दवाखाना

फिजिशियन असिस्टंट, म्हणजे रोजच्या बोलण्यातला पीए, हा अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेतला डॉक्टर आणि परिचारिका या दोघांहून वेगळा व्यवसाय आहे. पीए रुग्णाला तपासतो, निदान करतो, औषधे लिहून देतो, जखमा शिवतो, शस्त्रक्रियेत सर्जनच्या हाताखाली उभा राहतो. हे सारे राज्याच्या परवान्यावर आणि बहुतेक ठिकाणी एखाद्या डॉक्टरशी ठरलेल्या संबंधाच्या चौकटीत चालते. आधी चार वर्षांची पदवी, मग साधारण २७ महिन्यांचे पदव्युत्तर शिक्षण, असा त्याचा मार्ग आहे. पहिल्या वर्षी शरीररचना, औषधशास्त्र, रोगनिदान. नंतर दवाखान्यांत आणि रुग्णालयांत सुमारे २,००० तास प्रत्यक्ष काम. शेवटी ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा. आज अमेरिकेत दीड लाखाहून जास्त पीए आहेत आणि त्यांना घडवणारे अभ्यासक्रम तीनशेच्या घरात गेले आहेत.

२०१६ पासून या शिक्षणावर आणखी एक मजला चढू लागला: 'डॉक्टर ऑफ मेडिकल सायन्स' ही डॉक्टरेट. तिची पहिली मोठी मांडणी झाली ती ग्रामीण भागाच्या नावाने. अमेरिकेची जवळजवळ एक पंचमांश वस्ती खेड्यापाड्यांत राहते, डॉक्टर मात्र तिथे जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास; ही पोकळी जास्त शिकलेला पीए भरून काढेल, असा युक्तिवाद होता. तो कितपत टिकतो हे पाहायचे तर आधी हा व्यवसाय कुठून आला ते पाहावे लागते, कारण त्याचा उगमच एका गावच्या दवाखान्यात आहे.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या गारलंड या छोट्या गावात डॉ. एमॉस जॉन्सन एकट्याने दवाखाना चालवत. १९४० च्या दशकात त्यांनी हेन्री ली ट्रेडवेल या कृष्णवर्णीय तरुणाला हाताशी धरले. ट्रेडवेलला सगळे 'बडी' म्हणत. वैद्यकीय शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या माणसाला जॉन्सन यांनी स्वतःच्या हाताने तयार केले, एकेक काम शिकवले. जॉन्सन डॉक्टरांच्या संघटनेच्या कामासाठी बाहेरगावी गेले की दवाखाना बंद पडत नसे, बडी तो सांभाळत असे. वर्णभेदाच्या त्या काळात दक्षिणेतल्या एका गावाने हे चालवून घेतले, ही गोष्ट साधी नव्हती. ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांना ही जोडी माहीत होती. तिथले वैद्यकशास्त्राचे विभागप्रमुख युजीन स्टेड यांनी आधी थेल्मा इंगल्स यांच्याबरोबर परिचारिकांना पुढचे शिक्षण देऊन पाहिले होते. परिचारिका-शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता नाकारली. मग स्टेड यांनी वेगळी माणसे शोधली. नौदलात वैद्यकीय काम करून परतलेल्या चौघांना घेऊन १९६५ मध्ये ड्यूकमध्ये पहिला वर्ग भरला. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांतले तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले.

ग्रामीण कामाच्या दृष्टीने मात्र ड्यूकपेक्षा सिएटलचा प्रयोग जास्त महत्त्वाचा ठरला. पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतून नायजेरियात काम करून आलेले डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी १९६९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात 'मेडेक्स' सुरू केला. पहिल्या तुकडीत सैन्यातून आलेले पंधरा जण होते. विद्यापीठात तीन महिन्यांचे कसून शिक्षण आणि पुढे वर्षभर एखाद्या गावच्या डॉक्टरच्या हाताखाली काम, अशी रचना होती. शिकवणारा डॉक्टरच बहुधा पुढे नोकरी देणारा असे. म्हणजे विद्यार्थी जिथे शिकला तिथेच राहिला, आणि गावानेही त्याला शिकतानाच ओळखून घेतले. याच धर्तीवर नॉर्थ डकोटा विद्यापीठाने १९७० मध्ये अभ्यासक्रम काढला. तिथे आपापल्या गावात आधीपासून काम करणाऱ्या परिचारिकांना प्रवेश मिळे. काही काळ विद्यापीठात आणि उरलेला काळ आपल्याच गावी डॉक्टरच्या देखरेखीखाली, असा त्यांचा क्रम असे. घरदार, शेती, मुलांची शाळा काहीच सोडावे लागत नसे. खेड्यात टिकणारा माणूस घडवण्याची याहून साधी युक्ती क्वचितच कुणाला सुचली असेल.

पण माणूस घडवला तरी त्याचा पगार कुठून काढायचा? वृद्धांसाठीचा सरकारी विमा मेडिकेअर सुरुवातीला डॉक्टर जागेवर हजर असल्याशिवाय पीएच्या कामाचे पैसे देत नसे. एकट्या पीएच्या जोरावर चालणारा डोंगराळ भागातला दवाखाना त्यामुळे रुग्णांनी भरलेला आणि तिजोरीने रिकामा असा असे. १९७७ च्या ग्रामीण दवाखाना कायद्याने ही गाठ सोडवली. मान्यताप्राप्त ग्रामीण दवाखान्याला प्रत्येक भेटीमागे एकत्रित दर मिळू लागला. अट एकच ठळक होती, की दवाखाना उघडा असलेल्या वेळेपैकी निम्मा वेळ तरी तिथे पीए किंवा नर्स प्रॅक्टिशनर (प्रगत शिक्षण घेतलेली परिचारिका) असलाच पाहिजे. एखाद्या व्यवसायाला खेड्यात रुजवण्यासाठी कायद्याने उचललेले हे पाऊल कोणत्याही पदवीपेक्षा परिणामकारक ठरले. तरी परवान्याचे कायदे राज्याराज्यांचे, आणि मिसिसिपीसारख्या गरीब, ग्रामीण राज्याने पीएला काम करण्याची कायदेशीर मुभा दिली ती थेट २००० मध्ये.

१९९७ मध्ये छोट्या ग्रामीण रुग्णालयांसाठी वेगळा वर्ग निघाला. जास्तीत जास्त २५ खाटा, आणि सर्वसाधारण नियमाप्रमाणे दुसरे रुग्णालय ३५ मैलांच्या आत नाही, अशी ही रुग्णालये. त्यांच्या आपत्कालीन कक्षात रात्री डॉक्टर बसलेला असलाच पाहिजे असे बंधन नाही. प्रशिक्षित पीए किंवा नर्स प्रॅक्टिशनर असला आणि तो ३० मिनिटांत (अतिदुर्गम भागात तासाभरात) पोहोचू शकत असला तरी चालते. म्हणजे मध्यरात्री छातीत कळ येऊन आलेला शेतकरी, अडलेली बाळंतीण, ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला पोरगा, या सगळ्यांपुढे पहिला उभा राहणारा माणूस पीए असू शकतो. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेच्या तुकडीत काम करणारा पीए आणि हा पीए यांचा परवाना एकच, पण कामातली जोखीम आणि एकटेपणा यांत जमीन-अस्मानाचा फरक. ग्रामीण पीएला २७ महिन्यांपेक्षा जास्त शिक्षण हवे हा मुद्दा खरा वाटतो तो इथे.

दरम्यान व्यवसाय मात्र खेड्यापासून दूर सरकत गेला. १९७० च्या दशकात निम्म्याहून जास्त पीए प्राथमिक उपचारांच्या क्षेत्रात होते. आता ते प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास आहे. शस्त्रक्रिया, त्वचारोग, आपत्कालीन सेवा यांत पगार चांगला. शिवाय २००३ मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, तेव्हा मोठ्या रुग्णालयांनी रिकामे तास पीएंनी भरले. त्याच काळात पदव्याही चढत गेल्या. सुरुवातीचे बरेच अभ्यासक्रम प्रमाणपत्राचे किंवा दोन वर्षांच्या पदवीचे होते, काही सामुदायिक महाविद्यालयांत चालत. वेस्ट व्हर्जिनियातल्या फिलिपी गावी अल्डर्सन ब्रॉडस महाविद्यालयाने १९६८ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा पहिला अभ्यासक्रम काढला, तेव्हा ती मोठी झेप होती. आता मान्यता देणाऱ्या संस्थेने पदव्युत्तर पदवी सक्तीची केली आहे. ज्यांना चार वर्षांची पदवी आणि वर लाखावर डॉलरचे कर्ज परवडत नाही असे गावाकडचे अनुभवी परिचारक, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी या नियमाने गाळले गेले. खेड्यात परतण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेली माणसे नेमकी हीच.

इतर व्यवसायांतही असेच घडले आहे. अमेरिकेत औषधनिर्मात्याला आता डॉक्टरेट लागते, फिजिओथेरपिस्टलाही लागते. परिचारिका महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ मध्ये प्रगत परिचारिकांसाठी डॉक्टरेटचा आग्रह धरला. पीए व्यवसायाने जरा सबुरीने घेतले. लष्कर आणि बेलर विद्यापीठ यांनी सॅन अँटोनियोच्या लष्करी रुग्णालयात आपत्कालीन वैद्यकातली पीएंसाठीची डॉक्टरेट सुरू केली होती. ती खरोखर कठोर निवासी प्रशिक्षणाची आहे, नुसत्या निबंधांची नव्हे. तिच्यामुळे प्रश्न ऐरणीवर आला आणि २००९ मध्ये व्यवसायाची संघटना आणि शिक्षकांची संघटना यांनी मिळून परिषद भरवली. प्रवेशालाच डॉक्टरेट सक्तीची करू नये, परवाना मिळाल्यानंतर ज्याला हवी त्याने ती जरूर घ्यावी, असा तिचा निष्कर्ष होता.

याच मोकळ्या जागेत २०१६ मध्ये टेनेसीतल्या हॅरोगेट गावच्या लिंकन मेमोरियल विद्यापीठाने आपला अभ्यासक्रम मांडला. हे विद्यापीठ कंबरलँड गॅप या जुन्या डोंगरखिंडीजवळ १८९७ पासून उभे आहे. आसपासचा ॲपलाचियाचा पट्टा कोळसाखाणींचा. फुप्फुसांचे आजार, मधुमेह आणि वेदनाशामकांचे व्यसन यांनी पोखरलेला. ग्रामीण रुग्णालये बंद पडण्यात टेनेसीचा क्रमांक देशात वरचा. काही वर्षे काम केलेल्या पीएला नोकरी न सोडता, मुख्यतः ऑनलाइन शिकता येईल अशी रचना होती. अवयवसंस्थांचा सखोल अभ्यास, पुराव्यावर आधारित वैद्यक आणि शेवटी प्रकल्प. लगोलग व्हर्जिनियातले लिंचबर्ग विद्यापीठ आणि पुढे इतर अनेक विद्यापीठे या मार्गाने आली. त्यांच्यापैकी बहुतेकांचा भर नेतृत्व, आरोग्यधोरण, शिक्षणशास्त्र, आपत्ती-व्यवस्थापन यांवर आहे. प्रत्यक्ष रुग्णासमोर उभे करून तपासणारे वाढीव प्रशिक्षण फार थोड्या ठिकाणी आहे, आणि रात्री एकट्याने आपत्कालीन कक्ष सांभाळणाऱ्याला नेमके तेच लागते.

२०१७ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळात एक विधेयक आले. ही डॉक्टरेट घेतलेल्यांचा नवा परवानाधारक वर्ग करावा आणि त्यांना प्राथमिक उपचारांत जास्त स्वातंत्र्य द्यावे, असा त्याचा आशय होता. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध करणे अपेक्षितच होते. पण पीएंच्या राष्ट्रीय संघटनेनेही विरोध केला, कारण त्यातून व्यवसायाची दोन शकले झाली असती. विधेयक बारगळले. त्यामुळे आज डॉक्टरेट घेतलेल्या पीएचे कायदेशीर अधिकार पदव्युत्तर पीएइतकेच आहेत, आणि रुग्णापुढे स्वतःला डॉक्टर म्हणवून घेण्यावर अनेक राज्यांत बंधने आहेत. उलट नॉर्थ डकोटाने २०१९ मध्ये बहुतेक पीएंसाठी डॉक्टरशी लेखी कराराची अटच काढून टाकली, आणि त्यासाठी डॉक्टरेट मागितली नाही. दोन वर्षांनी वायोमिंग आणि युटा यांनीही कायदे सैल केले. विरळ वस्तीच्या या राज्यांना, करार करायला डॉक्टरच नसेल तर दवाखाना उघडायचा कसा, हा प्रश्न रोजचा होता.

दूर गावातल्या माणसापर्यंत ज्ञान पोहोचवण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तर पदवीशिवायच्या शिक्षणातून आला आहे. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. संजीव अरोरा न्यू मेक्सिको विद्यापीठात यकृतरोगतज्ज्ञ होते. हेपटायटिस सीचे रुग्ण त्यांच्यापर्यंत पोहोचायला आठ-आठ महिने थांबत, शेकडो मैल गाडी हाकत येत. २००३ मध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट एको' सुरू केला: दर आठवड्याला खेड्यांतले आणि तुरुंगांतले डॉक्टर, पीए आणि नर्स प्रॅक्टिशनर पडद्यावर जमत, आपापले रुग्ण मांडत, तज्ज्ञांबरोबर चर्चा करत आणि उपचार स्वतःच करत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठात उपचार घेतलेल्यांपैकी ५७.५ टक्के, तर गावांत आणि तुरुंगांत उपचार घेतलेल्यांपैकी ५८.२ टक्के बरे झाले.

म्हणून डॉक्टरेट निरुपयोगी ठरते असे नाही. तिचा उपयोग दिसतो तो एका आडवाटेने. विद्यापीठात शिक्षक म्हणून बढती मिळायला सर्वोच्च पदवी लागते, आणि अनुभवी ग्रामीण पीएकडे ती नसे. हॅरोगेटसारख्या आडगावी पीए घडवायचे तर शिकवणारा माणूस त्याच डोंगरात काम केलेला हवा. नोकरी आणि गाव न सोडता मिळणारी डॉक्टरेट अशा माणसाला वर्गापर्यंत आणते. या निकषावर निवड, प्रकल्प आणि प्रशिक्षणाच्या जागा गावाकडे बांधलेला अभ्यासक्रम एकीकडे आणि व्हिजिटिंग कार्डावर तीन अक्षरे वाढवणारा दुसरीकडे, असा भेद सहज करता येतो.

भारतात पीए शिक्षणाची सुरुवात १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने झाली. ते क्षेत्र हृदयशस्त्रक्रियेचे, म्हणजे सुरुवातच शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला संलग्न आरोग्यसेवांच्या यादीत स्थान मिळाले. गारलंडच्या दवाखान्याशी नाते सांगणारे काम इथे वेगळ्याच नावांनी चालते. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातून ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक घडवले. आसामचा तसाच प्रयोग ज्या राज्य कायद्यावर उभा होता तो सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरवला. महाराष्ट्रात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असतो, बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर, सहा महिन्यांचे जादा प्रशिक्षण घेतलेला. अडलेल्या रुग्णासाठी तो ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवरून वरच्या डॉक्टरचा सल्ला घेतो.