राजाश्रय, लोकाश्रय आणि पियानो काँचेर्टो

कलेची निर्मिती आणि कलेचा हिशेब यांचा एकत्र विचार करणे रसिकांना सहसा रुचत नाही. मोत्सार्ट वा बीथोव्हेन यांच्या पियानो काँचेर्टोंविषयी बोलताना वर्गणीचा दर आणि नोटांची घसरलेली किंमत यांचा उल्लेख करणे म्हणजे देवघरात बसून जमाखर्चाची वही उघडण्यासारखे वाटते. तथापि एक प्रमुख वादक आणि त्याच्या साथीला अख्खा वाद्यवृंद, अशी ज्याची मूळ घडण, तो संगीतप्रकार खर्चिकच असणार. तो खर्च कोणी सोसला, हा प्रश्न या संगीताच्या इतिहासातून वगळता येत नाही.

साल्झबुर्गच्या धर्मपीठाची चाकरी सोडून मोत्सार्ट १७८१ मध्ये व्हिएन्नात स्थायिक झाला. साल्झबुर्गला त्याचे वार्षिक वेतन ४५० फ्लोरिन होते. १७८४ च्या मार्चमध्ये त्याने व्हिएन्नात तीन मैफलींची वर्गणी सहा फ्लोरिन ठेवली, तेव्हा १७४ वर्गणीदार मिळाले. ही यादी त्याने वडिलांना नावनिशीवार कळविली. खर्च वजा जाण्यापूर्वीची ही जमा हजार फ्लोरिनांच्या वर जाते. श्रोत्यांना दर खेपेस नवे काही हवे होते आणि मोत्सार्ट ते देत होता. त्या एका वर्षात त्याने सहा पियानो काँचेर्टो लिहिले. बाजारपेठ कलेला हीन करते असे म्हणणाऱ्यांनी हा पुरावा विसरू नये.

११ फेब्रुवारी १७८५ रोजी त्याने डी मायनर काँचेर्टो प्रथम वाजविला. वडील त्याच दिवशी व्हिएन्नात पोहोचले होते. नकलनवीस अजून वाद्यवृंदाच्या प्रती उतरवीत होता आणि अखेरचा भाग एकदा वाजवून पाहण्यासही मोत्सार्टला सवड मिळाली नव्हती. तंतुवाद्यांच्या अस्वस्थ, दबलेल्या स्पंदनांनी सुरू होणारी ही रचना घाईत लिहिली गेली, असे ऐकणाऱ्याला कधीच वाटत नाही. पुढे बीथोव्हेनलाही तिचा मोह पडला आणि तिच्यासाठी त्याने स्वतः कादेन्झा लिहिल्या.

परंतु लोकाश्रय जितक्या वेगाने येतो तितक्याच वेगाने ओसरतो. १७८८ मध्ये ऑस्ट्रिया तुर्कस्थानविरुद्धच्या युद्धात उतरला. महागाई वाढली, उमरावांचा हात आखडला. १७८९ मध्ये मोत्सार्टने पुन्हा वर्गणीची यादी फिरविली, तेव्हा दोन आठवड्यांनंतरही तीवर एकच नाव होते, फान स्वीटेन यांचे. १७९१ च्या मार्चमध्ये त्याने आपला शेवटचा पियानो काँचेर्टो वाजविला, तो दुसऱ्या एका वादकाच्या मैफलीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा मृत्यू झाला. त्याची प्रतिभा आटली नव्हती; आटली होती ती मागणी.

बीथोव्हेनने हा धडा लक्षात ठेवला असावा. २२ डिसेंबर १८०८ रोजी त्याने व्हिएन्नात स्वतःच्या लाभासाठी मैफल केली. कडाक्याची थंडी, चार तासांचा कार्यक्रम, अपुरी तालीम आणि त्याच संध्याकाळी दुसरीकडे धर्मादाय मैफल असल्याने चांगल्या वादकांची टंचाई! पाचवी व सहावी सिंफनी त्या रात्री प्रथम ऐकविली गेली आणि एक रचना तर मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. याच मैफलीत त्याने चौथा काँचेर्टो वाजविला. वाद्यवृंदाची वाट न पाहता पियानोच हळुवारपणे बोलू लागतो, असा त्याचा आरंभ त्या काळच्या श्रोत्याला अपूर्व वाटला असणार. बहिरेपण वाढत चालले होते. यानंतर बीथोव्हेनने जाहीर मैफलीत काँचेर्टो वाजविला नाही.

वेस्टफालियाच्या राजाकडून त्याला नोकरीचे बोलावणे आले होते. तो व्हिएन्ना सोडून जाऊ नये म्हणून १८०९ मध्ये आर्चड्यूक रुडॉल्फ, प्रिन्स लोब्कोविट्झ आणि प्रिन्स किन्स्की यांनी मिळून त्याला वर्षाला ४,००० फ्लोरिनांचे वर्षासन बांधून दिले. परंतु त्याच वर्षी नेपोलियनच्या तोफांनी व्हिएन्नावर मारा केला आणि युद्धखर्चासाठी छापलेल्या नोटांची किंमत कोसळत गेली. १८११ मध्ये सरकारने पाच जुन्या नोटांना एक नवी असा दर लावला. वर्षासनाचा करार होता तसाच राहिला, त्याचे मोल मात्र झडून गेले. रुडॉल्फने नव्या चलनात पूर्ण रक्कम देण्याचे मान्य केले. किन्स्की १८१२ मध्ये घोड्यावरून पडून वारला, लोब्कोविट्झ कर्जात बुडाला आणि बीथोव्हेनला न्यायालयाची पायरी चढावी लागली. तडजोड झाली ती १८१५ मध्ये. चौथा आणि पाचवा हे दोन्ही काँचेर्टो रुडॉल्फला अर्पण केलेले आहेत, यामागे निव्वळ शिष्टाचार नव्हता. पाचव्याची पहिली जाहीर मैफल मात्र १८११ च्या नोव्हेंबरात लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये, म्हणजे कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीतील सभागृहात झाली. उमरावांच्या वाड्यातून कला पेठेत आली, ती अशी.

विसाव्या शतकात शासनसंस्था आश्रयदात्याच्या भूमिकेत आली. १९५८ मध्ये मॉस्कोतील पहिल्या चायकोव्स्की स्पर्धेत व्हॅन क्लायबर्न हा तेवीस वर्षांचा अमेरिकन तरुण पहिला आला. त्याने वाजविलेला चायकोव्स्कीचा पहिला काँचेर्टो शीतयुद्धाच्या ऐन भरातही रशियन श्रोत्यांनी डोक्यावर घेतला. स्पर्धा साम्यवादी सरकारची. नंतर निघालेली ध्वनिमुद्रिका अमेरिकन कंपनीची, आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या!

ध्वनिमुद्रिकेने श्रोते वाढविले, पण मूळ अडचण सुटली नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ती नेमकी मांडली. कारखान्यात यंत्रे सुधारतात, दरडोई उत्पादन वाढते आणि वेतन वाढले तरी मालाचा खर्च आवरता येतो. डी मायनर काँचेर्टोला मात्र १७८५ मध्ये जो अर्धा तास आणि जेवढे वादक लागत, तेवढेच आजही लागतात. इतरत्र वेतने वाढली की वादकांचीही वाढवावी लागतात. तूट ही येथे गैरकारभाराची खूण असतेच असे नाही. ती या कलेच्या स्वरूपातच आहे.

मुंबईत २००६ मध्ये एनसीपीएने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, त्यालाही हाच नियम लागू आहे. अशी संस्था केवळ तिकीटविक्रीवर चालावी ही अपेक्षा अवास्तव आहे. एखाद्या दानशूरावर सर्व भार टाकणेही तितकेच धोक्याचे. व्हिएन्नाचा अनुभव दोन्ही बाजूंनी बोलका आहे. वर्गणीदार, दाते आणि शासन या तिघांचा वाटा असावा, आणि अनुदान एकदा मंजूर केले की कर्तव्य संपले असे न मानता महागाईबरोबर ते वाढविले जावे. बीथोव्हेनच्या वर्षासनात आकडा होता, त्या आकड्याच्या क्रयशक्तीची हमी नव्हती. कलासंस्थांना मदत देताना आजही आकड्यावरच समाधान मानले जाणार असेल, तर १८११ चा अनुभव पुन्हा येण्यास महायुद्धाची गरज पडणार नाही.