खुडूक कोंबडीचा हिशेब

राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे, म्हणजे कर्नालच्या संस्थेकडे, देशातल्या कोंबड्यांच्या ज्या अस्सल जाती नोंदल्या आहेत, त्यांत महाराष्ट्राचं नाव बुसरा या जातीपुढे लागतं, तेही गुजरातसोबत वाटून. नंदुरबारमधला नवापूर तालुका, धुळ्यातला साक्री आणि सीमेपलीकडचा सोनगडचा परिसर हे तिचं घर. पाळणारे बहुतेक भिल्ल, गावित, कोकणा अशी आदिवासी कुटुंबं. पक्षी लहानखुरा, वजन किलोच्या आसपास. पिसं बहुधा पांढरी, मानेवर, पाठीवर आणि शेपटीत काळी, खांद्यावर नि पंखांवर तांबूस, पण यातही इतकी विविधता की रंगावरून जात ओळखायला जाणारा फसतो. वर्षाला अंडी चाळीस ते पंचावन्न. पिंजऱ्यातली लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते. या दोन आकड्यांची तुलना होते आणि बुसरा नापास ठरते. ही तुलनाच चुकीची आहे. बुसरा अंडी कमी देते, कारण उरलेला वेळ ती दुसऱ्या कामात घालवते, आणि त्याच कामावर तिची जात टिकून आहे.

ते काम म्हणजे अंडी उबवणं. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं, छातीखालची पिसं झडून उघडी कातडी अंड्यांना टेकते. मग डालग्यात भाताचं तूस किंवा गवत घालून तिला रवणाला बसवतात. पुढचे २१ दिवस ती जे करते, तेच यंत्राला करावं लागतं. ३७.५ अंशांच्या आसपास स्थिर ऊब द्यायची, अंडी दिवसातून अनेकदा फिरवायची, शेवटचे तीन दिवस फिरवणं थांबवून ओलावा वाढवायचा. कोंबडीला यासाठी तापमापक लागत नाही, वीजही लागत नाही. दाणापाण्यासाठी ती थोडा वेळ उठते, तेवढ्यात अंड्यांना हवा लागते. माणसाने करायचं ते एवढंच : आठवड्याहून शिळी अंडी ठेवायची नाहीत, तडा गेलेली वगळायची, सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडावर धरून लाल शिरांचं जाळं न दिसणारी काढून टाकायची आणि उवा होऊ नयेत म्हणून तिला राखेत लोळू द्यायचं. पिल्लं निघाल्यावरही तिचं काम संपत नाही. घार दिसताच त्यांना पंखाखाली घेणं, काय टिपायचं ते दाखवणं, रात्री ऊब देणं हे दीड-दोन महिने चालतं. वर्षात असे तीन-चार फेरे झाले की चाळीस-पंचावन्न अंड्यांचा हिशेब आपोआप लागतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे : उबवायला छोटं यंत्र मिळत असताना कोंबडी अडकवून का ठेवायची? अंडी उचलली, यंत्रात ठेवली, तर ती लवकर पुन्हा घालू लागेल. एका घरापुरता आणि एका वर्षापुरता हा सल्ला बरोबर आहे. पिढ्यांच्या हिशेबात मात्र तो महागात पडतो. यंत्रात सर्वांत जास्त अंडी कोणाची जातात? जी कधी खुडूक होत नाही तिची. म्हणजे पुढच्या पिढीत तिचीच पिल्लं जास्त, आणि नकळत निवड होते ती न बसणाऱ्या कोंबडीची. लेगहॉर्नमध्ये माणसाने ही निवड ठरवून केली आणि तिच्यातली खुडूक बसण्याची वृत्ती जवळजवळ पुसून टाकली. इजिप्तमध्ये फार प्राचीन काळापासून मातीच्या भट्ट्यांत हजारोंनी अंडी उबवली जातात, आणि तिथली फायूमी कोंबडी रवणाला बसायला नाखूश म्हणूनच ओळखली जाते. या दोन गोष्टींत कार्यकारणाचा धागा ठामपणे जोडता येणार नाही, पण सावध व्हायला एवढा दाखला पुरे. यंत्राला विरोध असण्याचं कारण नाही. संख्या झपाट्याने वाढवायची असेल, कोंबडी अंड्यांवरून उठून गेली असेल, तर यंत्र उपयोगी आहे. फक्त त्यात अंडी ठेवायची ती पिल्लं नीट वाढवून दाखवलेल्या कोंबडीचीच.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. अंगणात मोकळं फिरणाऱ्या कोंबड्यांत कोणाचा कोंबडा येईल याचा नेम नाही. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरीराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज अशा सुधारित जाती गावोगाव पोचल्या आहेत. मग घरी जात शुद्ध राहणार कशी? ती सरकारी प्रक्षेत्रावर बंदिस्त ठेवलेली बरी, असं म्हणणारे म्हणतात. यातला धोका खरा आहे, उपायही अवघड नाही. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. म्हणून परका कोंबडा दूर केल्यावर निदान तीन आठवड्यांची अंडी खाण्यासाठी वापरायची आणि त्यानंतरचीच रवणाला ठेवायची. बंदिस्त शुद्धतेचाही एक धोका आहे, त्याकडे मात्र कमी लक्ष जातं. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या असा कळप घेतला आणि पुढचा कोंबडा त्याच्याच पिल्लांतून निवडत गेलो, तर आनुवंशिक गणिताने तो कळप अकरा पक्ष्यांचा नसून जेमतेम साडेतीन पक्ष्यांच्या बरोबरीचा ठरतो, आणि प्रत्येक पिढीत त्याच्यातल्या विविधतेचा सुमारे १४ टक्के हिस्सा गळतो. चार-पाच पिढ्यांत अंडी फळेनाशी होतात, पिल्लं दुबळी निघतात. असेच कळप असलेल्या पाच घरांनी कोंबडे आपसांत फिरवत ठेवले, तर ही गळती तीन टक्क्यांच्या आत येते. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पायात रंगीत कडी, वहीत कोंबड्याची नोंद आणि दर वर्षी कोंबडा पुढच्या घरी, इतकी शिस्त पुरते. जातीची शुद्धता पिसांच्या रंगात शोधायची नाही, ती या देवघेवीच्या शिस्तीत आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो नवापूरनेच भोगलेला आहे. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये याच तालुक्यात झाला. २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. अशा वेळी ठरावीक घेऱ्यातले सगळे पक्षी मारावे लागतात, मग ते हजारोंच्या शेडमधले असोत की अंगणातले चार. म्हणून अंगणातलं पालनच धोक्याचं, असं म्हटलं जातं. निगराणी, लसीकरण, मेलेल्या पक्ष्याची तातडीने खबर या गोष्टी अंगणातही हव्यातच. मानमोडीची लस तर गावठी कोंबड्यांना वेळेवर मिळाली, तर तेवढ्यानेच पिल्लं जगण्याचं प्रमाण पालटेल. पण जात वाचवण्याच्या दृष्टीने पाहिलं, तर हाच इतिहास उलट शिकवण देतो. एकाच प्रक्षेत्रावर साठवलेली जात एका आदेशासरशी संपू शकते. दोन जिल्ह्यांतल्या, दोन राज्यांतल्या विखुरलेल्या घरांत असलेली जात एका घेऱ्यात सापडत नाही. बुसराचं घर आणि अंड्यांच्या मोठ्या शेड एकाच तालुक्यात असल्यामुळे हे विखुरणं तिच्यासाठी अधिकच निकडीचं आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. चाळीस अंड्यांवर घर चालत नाही, हे कबूलच. तसं कोणी म्हणतही नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांवर, आधीच्या गणनेहून सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली आढळली. लोक कोंबड्या सोडत नाहीत, वाढवतात, कारण सांडलेले दाणे, किडे आणि खरकटं यांचं मांस-अंड्यांत रूपांतर करणारा हा जवळजवळ बिनखर्चाचा व्यवहार आहे. प्रश्न एवढाच की पुढची पिढी घरची असेल की दर वेळी विकत आणायची. संकरित पिल्लं वाढतात झपाट्याने, पण त्यांच्या अंड्यांतून निघणारी पिल्लं आई-बापासारखी निघत नाहीत, आणि संकरित कोंबड्या खुडूक तर क्वचितच होतात. म्हणजे कळप संपला की पुन्हा हॅचरीची पायरी. महाराष्ट्रात अनुदानावर २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गट देण्याची योजना आहे. त्यात बहुधा सुधारित जाती येतात. नवापूर-साक्रीत हाच गट बुसराचा द्यावा, सोबत लस आणि नोंदवही द्यावी, आणि तीन नर तीन वेगवेगळ्या गावांतून निवडलेले असावेत. खर्च वाढायचा तो फक्त निवडीचा. योजनेने पाहायचं ते वर्षाअखेरीची अंडी नव्हे, तर तिसऱ्या वर्षी त्या घरात विकत न आणलेले किती पक्षी फिरताहेत, हे.