वऱ्हाड दगड झालं नाही

अंबाजोगाईला पाहुणा आला की आधी योगेश्वरीचं दर्शन, मग मुकुंदराजांची समाधी, आणि वेळ उरला तर हत्तीखाना, असा आमचा ठरलेला क्रम. मागच्या दिवाळीत भाचा आला होता. शिकायला तीन वर्षं आमच्याकडेच होता, आता पुण्यात नोकरीला आहे. हत्तीखान्यात शिरलो तर एक गृहस्थ दगडी हत्तीवर थाप मारून आपल्या पोरांना सांगत होते, "हेच ते वऱ्हाड. लोक म्हणतात दंतकथा. अरे, पुरावा समोर उभा आहे की!"

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. परक्या माणसाला त्याच्या पोरांसमोर काय बोलणार? पण हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी गोष्ट थोडक्यात. कोकणातल्या देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं. वऱ्हाड निघालं, अंब्यापर्यंत, म्हणजे अंबाजोगाईपर्यंत, पोचलं आणि मुहूर्त टळला. कुणी म्हणतं कोंबडा आरवला, कुणी म्हणतं नुसतं उजाडलं. वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं आणि देवी कुमारिका म्हणून इथंच राहिली, तीच योगेश्वरी. नदीकाठच्या लेण्यातले, म्हणजे हत्तीखान्यातले, हत्ती ते त्या वऱ्हाडातले. लेण्याला जोगाईचा मंडप म्हणतात, तो लग्नाचा मांडव. परळी इथून जेमतेम पंचवीस किलोमीटर. इतक्या जवळ येऊन लग्न मोडलं, ही या गोष्टीतली खरी चुटपुट.

आता दगडाकडे या. हत्तीच्या अंगावरून नीट हात फिरवला तर दगडात बारीक बारीक भोकं हाताला लागतात. काहींत पांढरे खडे भरलेले. ती हत्तीच्या कातडीची रंध्रं नव्हेत. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे आहेत. मराठवाड्याचा हा काळा दगड, बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा पृथ्वीवर हत्ती नावाचा प्राणीच नव्हता. म्हणजे दगड आधीचा, हत्ती फार नंतरचे. दगडाचा हत्ती करता येतो, त्याला छिन्नी आणि हातोडा लागतो. हत्तीचा हा दगड होणं शक्य नाही. प्राण्यांचे जीवाश्म होतात, पण त्यासाठी हाडं गाळात पुरली जावी लागतात, त्यांत खनिजांचं पाणी झिरपत राहावं लागतं, आणि मांस-कातडी तोवर सहसा कुजून गेलेली असते. एका पहाटेत उभ्याच्या उभं वऱ्हाड, अंबारीसकट, असं काही होत नाही.

उरलेलं लेणं पाहिलं तरी तेच. अंगणात नंदीमंडप आहे, आत खांबांच्या रांगा आहेत, शिवाची आणि देवीची शिल्पं आहेत. म्हणून तर त्याला शिवलेणी म्हणतात. शैलीवरून अभ्यासक ते साधारण हजारेक वर्षांपूर्वीचं धरतात. अंगणात हत्ती कोरायची रीतही नवी नव्हती. वेरूळच्या कैलासाच्या अंगणात हत्ती उभेच आहेत. तिथं कोणतं वऱ्हाड अडलं होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

"पण मामा," भाचा म्हणाला, "देवानं मनात आणलं तर साडेसहा कोटी वर्षं जुना दिसणारा दगडही करील की."

करील. त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मग ती श्रद्धा झाली, आणि श्रद्धेला हत्ती लागत नाहीत. माझं भांडण 'पुरावा' या शब्दाशी आहे. पुरावा म्हणजे काय याची साधी कसोटी अशी: गोष्ट घडली नसती तर इथं वेगळं काय दिसलं असतं? हत्तीखान्यात उत्तर येतं, काहीच नाही. लग्न मोडलं असतं तरी हे लेणं असंच दिसलं असतं, आणि कुणाचंच लग्न ठरलं नसतं तरी असंच. दोन्ही बाजूंनी सारखीच साक्ष देणारा साक्षीदार कोर्टात कुणी उभा करत नाही.

वऱ्हाड दगड होण्यात आपण एकटेही नाही. आसनगावजवळच्या माहुली किल्ल्याला नवरा, नवरी आणि भटोबा नावाचे सुळके आहेत. इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात स्टॅंटन ड्रू नावाचं खेडं आहे. तिथल्या उभ्या शिळांबद्दल सांगतात की शनिवारी लग्नाचा नाच सुरू झाला, मध्यरात्र उलटून रविवार, म्हणजे त्यांचा पवित्र वार, लागला तरी थांबला नाही, आणि नवरा-नवरीसकट सगळे दगड झाले. त्या शिळा आहेत चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या. ख्रिस्ती धर्मच मुळी दोन हजार वर्षांचा, त्यामुळे रविवार पाळायची सक्ती त्या शिळांवर कुणी केली हा प्रश्नच आहे. पण गोष्टीची घडण पाहा: लग्न, टळलेली वेळ, दगड. सॉमरसेट आणि अंबाजोगाईत कुणी सोयरिक जुळवायला गेलं नव्हतं. ओळीनं उभे दगड दिसले की माणसाच्या मनात वऱ्हाड उभं राहतं, एवढंच.

बायबलात तर थेट असा प्रसंगच आहे. सदोम नगर जळत असताना लोटाच्या बायकोनं मागं वळून पाहिलं आणि तिचा मिठाचा खांब झाला. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो की तो खांब त्यानं स्वतः पाहिला. आजही मृत समुद्राकाठी प्रवाशांना एक खांब दाखवतात. खांब खरा आहे. फक्त तो ज्या डोंगराला आहे तो सगळाच मिठाचा आहे, आणि मिठाचा डोंगर झिजला की असे खांब सुटतात. एक झिजून पडला तर दुसरा दाखवायला तयार असतो.

हा पुराव्याचा खेळ त्या मुलखात आपल्याहून फार आधी आणि फार पैसे ओतून खेळला गेला. 1865 साली लंडनमध्ये पॅलेस्टाइन एक्सप्लोरेशन फंड निघाला, तेव्हापासून लोक एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात कुदळ घेऊन खणताहेत. त्यांची फजिती आपण फुकटात शिकून घ्यावी अशी आहे. बायबलातल्या यरीहो नगराचंच घ्या. यहोशवाच्या लोकांनी रणशिंगं फुंकली आणि नगराचा कोट कोसळला, अशी कथा. 1930 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जॉन गार्स्टँग यांना तिथं खरंच पडलेला कोट मिळाला. त्यांनी तो इसवी सनापूर्वी 1400 च्या सुमाराचा ठरवला आणि वर्तमानपत्रांना पर्वणी मिळाली. मग 1952 ते 1958 कॅथलीन केनियन यांनी तीच जागा थर न् थर उलगडत पुन्हा खणली. कोट हजारेक वर्षं आधीचा निघाला, आणि यहोशवाचा म्हणून जो काळ सांगतात त्या काळात तिथं तटबंदीचं शहर असल्याची खूणच सापडली नाही. कोट खरा, पडलाही खरा, पण त्या कथेतला नव्हे. गार्स्टँग यांनी लबाडी केली नव्हती. काय सापडायचं ते आधीच ठरवून ते खणायला बसले होते.

यावरून "म्हणजे बायबल सगळं खोटं" म्हणणारे उठतात. त्यांच्यावरही माझा तेवढाच राग आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब यानं इसवी सनापूर्वी 701 मध्ये यहूदावर स्वारी केली असं बायबल सांगतं. सन्हेरीबाचा स्वतःचा वृत्तान्त मातीच्या प्रिझमवर कोरलेला सापडला आहे. आपण सेहेचाळीस तटबंद गावं घेतली आणि हिज्कीया राजाला यरुशलेमात कोंडलं, असं तो सांगतो. लाखीश गावाच्या वेढ्याची शिल्पपट्टी त्याच्या राजवाड्यात होती, आणि लाखीशला वेढ्यासाठी घातलेला मातीचा उतार आजही दिसतो. तीन बाजूंनी साक्ष, त्यातली एक शत्रूची. यरुशलेम जिंकलं असं मात्र सन्हेरीब कुठंच म्हणत नाही, आणि बायबलही म्हणतं की ते वाचलं. ते का वाचलं? बायबल सांगतं, देवदूतानं एका रात्रीत 1,85,000 सैनिक मारले. इथं कुदळ थांबते. स्वारी इतिहासात जमा झाली, देवदूत ग्रंथातच राहिला. ग्रंथातलं एक वाक्य खरं निघालं म्हणून पुढचं आपोआप खरं ठरत नाही, आणि एक चुकलं म्हणून सगळा ग्रंथ रद्दीत जात नाही. वाक्यागणिक तपासावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण तेच काम आहे.

आपल्या शेजारचंच उदाहरण हवं तर तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रमार्गाची माहिती लिहून ठेवली. त्यात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर असल्याचं तो सांगतो. दिशा दिली, अंतर दिलं, म्हणजे पडताळता येईल असं काहीतरी दिलं. अभ्यासक फ्लीट यांनी 1901 साली धाराशिव जिल्ह्यातलं तेर हेच तगर असं मांडलं, आणि पुढं तिथं रोमन वळणाच्या वस्तू निघाल्या. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन पाहा. इथं जमिनीत काहीच निघालं नसतं तर म्हणणं पडलं असतं. पडू शकत होतं, म्हणूनच ते टिकलं याला किंमत आहे.

मग वऱ्हाडाची गोष्ट टाकाऊ का? मुळीच नाही. कोकणस्थांची कुलदेवता घाट चढून थेट बालाघाटच्या डोंगरात कशी, हा प्रश्न लोकांना पिढ्यान् पिढ्या पडलेला आहे. देवी कुमारिका का, आणि इतक्या जवळ परळीचं ज्योतिर्लिंग असून दोघांची देवळं वेगळ्या गावांत का, हेही. गोष्ट या सगळ्याला एका फटक्यात उत्तर देते, ती त्यासाठीच तयार झाली. लोकांना काय खटकत होतं याचा तो पुरावा आहे. लग्नाचा नाही.

आता फुटकळ, पण रोज ऐकू येणारं.

बीडमध्ये जटायूचे पंख कापले, म्हणून जटाशंकराचं देऊळ: नाशिक जिल्ह्यातलं टाकेद, आंध्रातलं लेपाक्षी आणि केरळातलं चडयमंगलम इथंही हीच गोष्ट सांगतात. जटायूनं चार ठिकाणी पडायचं तर त्याला पंख कापल्यावरही बराच प्रवास करावा लागला असेल.

घटोत्कचाचा सांगाडा सापडल्याचा फोटो: 2000 साली न्यूयॉर्क राज्यात मॅस्टोडॉनच्या हाडांचं उत्खनन झालं. त्याच्या फोटोत 2002 च्या एका चित्रस्पर्धेसाठी माणसाचा सांगाडा चिकटवला गेला. करणाऱ्यानं ते कधी लपवलं नाही. तो अजून कुटुंबाच्या ग्रुपवर येतो, बहुतेक पहाटे साडेपाचला.

समुद्रात द्वारका सापडली: दगडी नांगर आणि बांधकामाचे अवशेष सापडले, म्हणजे बंदर होतं. नांगरावर कृष्णाची सही नाही.

हस्तिनापूर पुरात वाहून गेलं हे सिद्ध झालं: बी. बी. लाल यांना 1950 ते 1952 च्या उत्खननात पुराचा थर मिळाला. गंगेला पूर आला होता, हे सिद्ध झालं.

काळ्या दगडाचं प्रत्येक देऊळ हेमाडपंतानं बांधलं: हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, हा महादेव यादव (1261 ते 1271) आणि रामचंद्र यादव यांच्या दरबारातला. अंबाजोगाईत त्याच्या आधीच्या, सिंघण यादवाच्या काळातल्या देवळांचे शिलालेखच आहेत. तारखेसकट.

त्या शिलालेखांसाठीच हे सगळं लिहायला बसलो. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर. त्याच्या घराण्याचे शके 1150 आणि शके 1162 चे, म्हणजे 1228 आणि 1240 चे लेख अंबाजोगाईचे आहेत. त्यांतल्या दुसऱ्यात त्याच्या मुलाची, रामाची, हकीकत येते. गुजरातच्या स्वारीत नर्मदेकाठी तो पडला. त्याच्या मागं बहिणीनं, लक्ष्मीनं, त्याच्या नावानं देऊळ बांधलं, रामनारायणाचं. भावाचं नाव आणि देवाचं नाव तिनं एकत्र जोडून ठेवलं. आठशे वर्षांपूर्वी याच गावात हे घडलं. माणसं नावानिशी, साल आकड्यात, आणि कारण दगडात कोरलेलं.

हत्तीखान्यातून घरी येताना भाच्याला मी हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "खोलेश्वर माणूस होता?" गावात खोलेश्वराच्या नावाची पाटी तो तीन वर्षं येता-जाता वाचत होता. त्याला ते महादेवाचं नाव वाटायचं.