डॉक्टरांना आयुर्वेद किती शिकवावा?

एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना आयुर्वेद, युनानी, होमिओपथी यांची तोंडओळख असावी आणि तिकडच्यांना आधुनिक वैद्यकाची, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. त्यावर एका बाजूने जयघोष झाला, दुसऱ्या बाजूने शास्त्र बुडाल्याची ओरड. परंतु हा प्रश्न नवा नाही, हे दोघेही विसरतात.

कलकत्त्यास १८२२ साली निघालेल्या देशी वैद्यकशाळेत पाश्चात्त्य वैद्यक शिकवीत, आणि पुढे संस्कृत कॉलेजात व मदरशात आयुर्वेद-युनानीच्या जोडीनेही ते शिकवू लागले. १८३५ साली बेंटिंकने ती बंद केली व मेडिकल कॉलेज काढले. स्वातंत्र्यानंतर चोप्रा समितीने १९४८ साली दोन्ही वैद्यके एकत्र करण्याचा सल्ला दिला. मिश्र अभ्यासक्रमाची कॉलेजे चालली. विद्यार्थी सकाळी त्रिदोष शिके आणि दुपारी जंतुशास्त्र. या दोहोंचा मेळ कोठे बसतो, हे सांगणारा शिक्षक मात्र क्वचितच भेटे. बाहेर पडल्यावर सरकारी नोकरीत दर्जा खालचा, पगार कमी. तेव्हा या विद्यार्थ्यांनी संप केले, यात मला तरी नवल वाटत नाही. सारखे काम करून कमी दाम कोण घेईल? १९६० साली बनारस आणि मद्रास येथे अशा कॉलेजांच्या जागी आधुनिक मेडिकल कॉलेजे आली. मग व्यास समितीने ‘शुद्ध’ आयुर्वेदाचा आग्रह धरला, १९७० च्या कायद्याने भारतीय वैद्यकाची स्वतंत्र परिषद झाली, आणि मध्ये भिंत उभी राहिली.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना कॉलेजे असली तरी रोगी एकच आहे, आणि तो दोन्ही औषधे घेतो. डॉक्टर रागावतील म्हणून तो सांगत नाही. डॉक्टरांना त्यातले काही ठाऊक नसते म्हणून ते विचारीत नाहीत.

सर्पगंधेचेच पाहा. या मुळीने रक्तदाब उतरतो असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, तेव्हा जगाचे लक्ष गेले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले. तिचा गुण खरा ठरला आणि अवगुणही खरा ठरला, कारण काही रोग्यांना त्याने खिन्नता येई. जे औषध लागू पडते ते अपायही करू शकते. ‘झाडपाल्याने काय होणार?’ हा प्रश्नच चुकीचा. साधा ज्येष्ठमध घ्या. तो फार दिवस व फार प्रमाणात घेतला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते, आणि त्यात लघवीची गोळी चालू असेल तर अधिकच घटते. विद्यार्थ्याला शिकवायचे ते हे. नाडीपरीक्षेत पारंगत करण्याचे काम आयुर्वेद महाविद्यालयाचे.

कामगारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिशाची. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. आता बॅटरीच्या कारखान्यातला माणूस पोटात कळा येतात, हात गळतात म्हणून दवाखान्यात येतो. रक्तात शिसे निघते. मालकाचा वकील म्हणणार, भस्म खाल्ले असेल. माणूस म्हणणार, भट्टीपाशी उभा राहतो. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यापासून शिशाची विषबाधा हा धंद्याचा रोग मानला गेला आहे; म्हणजे भांडण पोटदुखीचे राहत नाही, घरच्या चुलीचे होते. येथे डॉक्टरला भस्म म्हणजे काय, कोणत्या कल्पात धातू घालतात, एवढे तरी माहीत हवे. नाहीतर तो एकतर भस्माचे नावही काढणार नाही आणि उपचार चालू असता रोगी तेच खात राहील, किंवा भस्माचे नाव ऐकताच कारखान्याला दोषमुक्त करील. त्याने पुडी मागवून तपासायला पाठवावी, आणि त्याच खात्यातल्या, भस्म न खाणाऱ्या आणखी आठ-दहा जणांचे रक्तही तपासून घ्यावे.