ब्रॉडबँड दूरध्वनी सेवा

ब्रॉडबँड दूरध्वनी सेवा म्हणजे घरातील ब्रॉडबँड इंटरनेट जोडणीतून पुरवली जाणारी दूरध्वनी सेवा होय. पारंपरिक स्थिर दूरध्वनीत आवाज विद्युत संकेताच्या रूपाने तांब्याच्या तारांवरून दूरध्वनी केंद्रापर्यंत जातो. या सेवेत तो अंकांत रूपांतरित होतो आणि लहान लहान पॅकेटांत विभागला जाऊन इंटरनेट प्रोटोकॉलनुसार प्रवास करतो. या तंत्रास ‘व्हॉइस ओव्हर इंटरनेट प्रोटोकॉल’, संक्षेपाने ‘व्हीओआयपी’ असे म्हणतात. दूरध्वनी यंत्र व त्याची घंटी पूर्वीसारखीच असू शकते. मात्र सेवा चालू राहण्यासाठी ग्राहकाच्या घरातील वीज आणि इंटरनेट जोडणी या दोहोंची आवश्यकता असते. दोन्ही पद्धतींतील व्यवहारदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा फरक हाच आहे.

इतिहास

आवाज पॅकेटांतून पाठवण्याचे प्रयोग अमेरिकेतील अर्पानेट या संगणक-जाळ्यावर १९७०च्या दशकात झाले. १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने ‘इंटरनेट फोन’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्याद्वारे संभाषण करण्यासाठी दोन्ही टोकांस संगणक लागत असे. पुढे एच.३२३ (१९९६) आणि सिप (१९९९) ही मानके प्रसिद्ध झाली व निरनिराळ्या उत्पादकांच्या उपकरणांत संवाद शक्य झाला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत व्होनेज या कंपनीने नेहमीचा दूरध्वनी संच लहानशा अडॅप्टरद्वारे ब्रॉडबँडला जोडण्याची घरगुती सेवा सुरू केली. २००३ मध्ये आलेल्या स्काइपमुळे इंटरनेटवरील संभाषण जगभर परिचित झाले.

कार्यपद्धती

बोलणाऱ्याच्या आवाजाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत नोंदवला जातो. अशा रीतीने जी.७११ या प्रचलित मानकानुसार सेकंदास ६४,००० बिट तयार होतात. साधारणतः २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात भरला जातो, म्हणजे सेकंदास ५० पॅकेटे निघतात. प्रत्येक पॅकेटावर पत्ता, क्रम व वेळ यांची माहिती असते. ती धरून एका दिशेच्या आवाजास सुमारे ८० किलोबिट प्रति सेकंद एवढा वेग लागतो. आजच्या ब्रॉडबँडच्या मानाने ही गरज अल्प आहे.

क्रमांक फिरवल्यावर समोरच्या ग्राहकाचा शोध घेणे, घंटी वाजवणे व संभाषण संपल्यावर जोडणी तोडणे ही कामे सिपसारखे संकेत-प्रोटोकॉल करतात. पलीकडचा दूरध्वनी जुन्या पद्धतीच्या जाळ्यावर असेल, तर ‘गेटवे’ नावाचे उपकरण दोन्ही जाळ्यांना जोडते.

आवाजाची गुणवत्ता

आवाजाची गुणवत्ता वेगापेक्षा नियमिततेवर अधिक अवलंबून असते. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सुचवते. विलंब त्याहून बराच वाढल्यास दोघेही एकाच वेळी बोलू लागतात. पॅकेटे मागेपुढे पोहोचल्यास ग्राहक-उपकरण ती क्षणभर थोपवून क्रमाने लावते. हरवलेले पॅकेट मात्र सहसा पुन्हा मागवले जात नाही, कारण उशिरा आलेला शब्दांश निरुपयोगी ठरतो. त्यामुळे घरात त्याच वेळी मोठी फाइल पाठवली जात असेल, तर आवाज तुटू शकतो. हे टाळण्यासाठी अनेक राउटरांत आवाजाच्या पॅकेटांना अग्रक्रम देण्याची सोय असते.

वीज व आपत्कालीन सेवा

तांब्याच्या तारेवरील साध्या दूरध्वनीस दूरध्वनी केंद्राकडूनच सुमारे ४८ व्होल्टचा वीजपुरवठा होतो. केंद्रात बॅटऱ्या असतात, सामान्यतः जनित्रही असते. म्हणूनच गावात वीज गेली तरी घरातील दूरध्वनी चालू राहत असे. प्रकाशीय तंतूतून अशी वीज वाहून नेली जात नाही. वीज खंडित होताच घरातील मोडेम व राउटर बंद पडतात आणि त्यांबरोबर दूरध्वनीही. वादळ, पूर किंवा दीर्घ भारनियमन अशा वेळी मदतीची निकड सर्वाधिक असते आणि नेमका तेव्हाच हा दोष जाणवतो. एकटे राहणारे वृद्ध, रुग्ण व मोबाइलचे जाळे क्षीण असलेल्या भागांतील रहिवासी यांच्या दृष्टीने तो गंभीर आहे.

यावर उपाय म्हणून राउटर व मोडेम ही दोन्ही उपकरणे इन्व्हर्टरवर किंवा लहान यूपीएसवर जोडली जातात. केवळ राउटरला पर्यायी वीज देऊन भागत नाही. ब्रिटनमधील नियामक संस्था ऑफकॉमच्या मार्गदर्शनानुसार, केवळ स्थिर दूरध्वनीवर अवलंबून असलेल्या ग्राहकांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन संपर्क साधता आला पाहिजे.

दुसरा प्रश्न ठिकाणाचा आहे. तांब्याची तार ठरावीक पत्त्यावर संपते. ब्रॉडबँड दूरध्वनीचे अडॅप्टर मात्र काही सेवांत दुसऱ्या गावी नेऊनही वापरता येते. अशा वेळी आपत्कालीन यंत्रणेस जुनाच पत्ता दिसण्याचा संभव असतो. अमेरिकेतील संघीय संचार आयोगाने २००५ मध्ये अशा सेवांना ९११ या क्रमांकाची सोय व ग्राहकाच्या पत्त्याची नोंद बंधनकारक केली.

भारतातील स्थिती

भारतात इंटरनेट दूरध्वनीस १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात परवानगी मिळाली. संगणकावरून परदेशी दूरध्वनी करता येऊ लागला. परंतु देशातील दूरध्वनींशी जोडणीस त्यात मुभा नव्हती. पुढे प्रकाशीय तंतूंचे जाळे घरोघरी पोहोचल्यावर भारत संचार निगम, जिओ, एअरटेल आदी कंपन्या ब्रॉडबँडसोबतच स्थिर दूरध्वनी देऊ लागल्या. मुंबईचा ०२२, पुण्याचा ०२० असे एसटीडी संकेतांक या जोडण्यांनाही लागू असतात. त्यामुळे केवळ क्रमांकावरून जोडणी तांब्याची आहे की प्रकाशीय तंतूची, हे ओळखता येत नाही. ११२ हा देशातील एकत्रित आपत्कालीन क्रमांक आहे. तथापि वीज नसताना ब्रॉडबँड दूरध्वनीवरून तोही लागत नाही, म्हणून चार्ज केलेला मोबाइल हे अशा घरांतील आवश्यक दुसरे साधन ठरते.