सरपणाची मोळी आणि गॅसची टाकी



सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंनी एस. टी. ने पुण्यास येणाऱ्या मंडळींचा पाय पुण्याच्या जमिनीला प्रथम लागतो तो स्वारगेटला. गाडीतून उतरावे, जवळच्या एखाद्या उपाहारगृहात शिरावे आणि चहा मागवावा. दोन-तीन मिनिटांत वाफाळलेला चहा समोर येतो. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. कोपऱ्यात १९ किलो गॅसची लोखंडी टाकी उभी असते, एवढेच. याच स्वारगेटपासून फार लांब नाही अशा भवानी पेठेत पुण्याचा लाकूडबाजार आहे. तेथले लाकूड इमारतीसाठी असते. पण लाकूड कापले की ढलप्या आणि भुसा निघणारच, आणि त्यांचा शेवट बहुधा बंबात नाही तर भट्टीत होतो. म्हणजे दोन्ही इंधने अजून शेजारी शेजारी नांदत आहेत.

गावाकडे तर ती एकाच घरात नांदतात. ओट्यावर गॅसची शेगडी, आणि मागल्या पडवीत चूल. टाकी संपत आली की घरची मालकीण विचारते, "अहो, एक टाकी म्हंजे आपल्या किती मोळ्या?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर घरखर्चाशी, बाईच्या कष्टांशी आणि तिच्या छातीत जाणाऱ्या धुराशी बांधलेले आहे. तेव्हा आज या एकाच प्रश्नाचे उत्तर आपण हिशेबाने काढू या.

धान्य मोजायला शेर लागतो, तसे उष्णता मोजायलाही माप लागते. एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तिला शास्त्रात किलोकॅलरी म्हणतात. आपण तिला उष्मांक म्हणू. पाच लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर न्यायचे, तर पाच गुणिले सत्तर, म्हणजे ३५० उष्मांक हवेत. एवढे ध्यानात आले की पुढचा सारा हिशेब पाढ्यांचा आहे.

आता लाकूड घेऊ. पुष्कळांची समजूत अशी की बाभळीच्या लाकडात उष्णता जास्त आणि पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडात कमी. ही समजूत अर्धी खरी आहे. एकाच आकाराचे दोन ओंडके घेतले तर बाभळीचा ओंडका जास्त वेळ जळेल, कारण तो वजनाने जड आहे. परंतु दोन्ही लाकडे अगदी कोरडी करून किलोच्या मापाने घेतली तर उष्णतेत फारसा फरक पडत नाही. संपूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोत सुमारे साडेचार हजार उष्मांक असतात. मग ते कोणत्याही झाडाचे असो.

फरक पडतो तो पाण्यामुळे. नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. असे एक किलो लाकूड चुलीत घातले, तर खरे लाकूड अर्धा किलो. त्याचे उष्मांक सव्वादोन हजार. त्यांतले तीनशेच्या आसपास त्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडतात. हाती उरतात एकोणीसशे-वीसशे. उलट दोन-तीन महिने उन्हात, वाऱ्यावर, जमिनीपासून उंच रचून वाळविलेल्या लाकडात पाणी पाचव्या हिश्श्यावर येते. त्याच्या किलोस साडेतीन हजार उष्मांक मिळतात. वखारीत लाकूड किलोवर विकले जाते, तेव्हा ओले लाकूड घेणारा गृहस्थ लाकडाच्या भावाने पाणी विकत घेतो. दुधात पाणी घातले तर आपण भांडतो. लाकडातल्या पाण्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही!

आता टाकीत काय असते ते बघू. आपण ज्याला गॅस म्हणतो तो दोन वायूंचे मिश्रण आहे. एकाचे नाव प्रोपेन, दुसऱ्याचे ब्यूटेन. दोन्ही खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून आणि नैसर्गिक वायूतून मिळतात. दाब दिला की ते पातळ होतात आणि टाकीत मावतात. बाहेर येताच सुमारे अडीचशे पट फुगून पुन्हा वायू होतात. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतो, तर प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांवरही उकळतो. म्हणून बर्फाच्या देशात टाकीत प्रोपेनच भरतात; आपल्या उष्ण हवेत मिश्रण चालते. उष्णतेच्या बाबतीत दोघे जवळजवळ सारखेच. एका किलोत सुमारे अकरा हजार उष्मांक.

म्हणजे वजनास वजन घेतले तर गॅस वाळल्या लाकडाच्या तिप्पट उष्णता देतो. असे का व्हावे? जळणे म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावणे. प्रोपेनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन आहेत. वजनाचा प्रत्येक गुंज जळण्याच्या कामाचा. त्यातही हायड्रोजन हा मोठा दाता. त्याच्या एका किलोत २८ हजारांहून अधिक उष्मांक असतात, तर कार्बनच्या किलोत पावणेआठ हजारांच्या आसपास. लाकडाची गोष्ट निराळी. कोरड्या लाकडाच्या वजनात सुमारे चार दशांश हिस्सा ऑक्सिजनचाच असतो. तो स्वतः जळत नाही, आणि लाकडातला कार्बन नि हायड्रोजन आधीच काही अंशी त्याच्याशी जोडलेले असतात. अर्धे जेवून आलेल्या पाहुण्याने पंगतीत कमी जेवावे, तसे हे आहे.

पण इंधनात उष्णता किती आहे हा अर्धाच प्रश्न झाला. ती भांड्यापर्यंत किती पोचते, हा दुसरा अर्धा प्रश्न आहे, आणि खरी गोम तेथेच आहे. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत शंभर उष्मांक निर्माण झाले तर भांड्याला मिळतात दहा ते पंधरा. उरलेले चुलीच्या भिंतीत, वाऱ्यात आणि धुरात जातात. धूर म्हणजे न जळलेले इंधनच होय. लाकूड तापले की त्याच्या वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग वायुरूपाने बाहेर पडतो. त्याला पुरेशी हवा आणि पुरेशी धग मिळाली तर त्याची ज्योत होते, न मिळाली तर तो डोळ्यांत जातो. आपल्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण अनुभव होता. म्हणून चुलीला वैल ठेवला गेला. मुख्य तोंडावरून निसटणारी धग वैलावरच्या आमटीला मिळे.

गॅसच्या शेगडीत हवा आणि वायू आधीच मिसळतात, ज्योत भांड्याच्या बुडाला नेमकी लागते आणि काम झाले की लगेच बंद करता येते. आपल्याकडील भारतीय मानकानुसार घरगुती शेगडीची कार्यक्षमता निदान ६८ टक्के असावी लागते. वापरलेली शेगडी धरून आपण ६५ टक्के घेऊ.

आता मांडा हिशेब. एक किलो वाळलेले लाकूड : साडेतीन हजार उष्मांक, त्याचे पंधरा टक्के म्हणजे ५२५. एक किलो गॅस : अकरा हजार, त्याचे पासष्ट टक्के म्हणजे ७,१५०. इंधनात जो फरक तिप्पट होता, तो भांड्याशी पोचेपर्यंत तेरा-चौदा पट झाला. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. त्यातून भांड्याला मिळणारे उष्मांक एक लाखाच्या थोडे वर. तेवढ्यासाठी साध्या चुलीत सुमारे दोनशे किलो वाळलेले लाकूड जाळावे लागेल. वीस किलोची एक मोळी धरली तर दहा मोळ्या झाल्या. लाकूड ओले असेल तर साडेतीनशे किलो, म्हणजे सतरा-अठरा मोळ्या. मालकिणीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

यातून बाजारात वापरण्याजोगा एक नियम निघतो. भाव बदलतात, नियम बदलत नाही. टाकीची किंमत घ्या आणि तिला दोनशेने भागा. जो आकडा येईल, त्यापेक्षा वाळल्या लाकडाचा किलोचा भाव जास्त असेल तर साध्या चुलीपेक्षा गॅस स्वस्त; कमी असेल तर लाकूड स्वस्त. घरी चांगली सुधारलेली चूल असेल आणि ती शंभरांतले तीस उष्मांक भांड्याला देत असेल, तर दोनशेऐवजी शंभराने भागावे.

कोणी म्हणेल, "आमचं सरपण फुकटचं. बांधावरच्या काटक्या, कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या. भाव कसला?" रुपयांचा भाव नसेल, पण दहा मोळ्यांसाठी दहा फेऱ्या आहेत, आणि त्या बहुधा घरातल्या बाईच्या किंवा शाळा बुडविणाऱ्या मुलीच्या आहेत. त्या दिवसांची मजुरी मनाशी धरून पाहावी. शिवाय धुराचा हिशेब वेगळा. सरपणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो आणि फुप्फुसात खोल शिरणारे बारीक कण असतात. बंद स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे तो धूर घेणाऱ्या स्त्रियांना श्वासनलिकेचे जुनाट विकार जडतात, आणि मांडीवरच्या लेकरांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. हा खर्च वखारीच्या पावतीवर येत नाही, दवाखान्याच्या पावतीवर येतो.

आपल्या देशात १९५५ च्या सुमारास बर्मा शेल कंपनीने मुंबईत हा गॅस विकण्यास सुरुवात केली. १९६५ साली कलकत्त्यात इंडेनची पहिली जोडणी झाली. पुढे कैक वर्षे गॅस ही शहरातली चैन समजली जाई. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि टाकी खेड्यापाड्यांतल्या गरीब घरांत पोचली. तरीही २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील सुमारे ४३ टक्के घरेच स्वयंपाकास स्वच्छ इंधन वापरताना आढळली. पहिली टाकी येते. दुसरी भरून आणताना हात आखडतो.

तेव्हा सगळी चूल मोडून टाका, असे सांगण्याचा माझा हेतू नाही. गॅस बराचसा परदेशांतून आणावा लागतो, आणि तो एकदा जळला की पुन्हा उगवत नाही. झाड मात्र पुन्हा लावले तर उगवते. शहाणपण वाटणीत आहे. चार माणसांच्या अंघोळीस प्रत्येकी १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर रोज दीड हजार उष्मांक लागतात. एवढेच काम गॅसवर केले तरी टाकी सव्वादोन महिन्यांत रिकामी होईल. तेच काम उघड्या अंगणातल्या बंबावर तीन किलो वाळल्या लाकडात, किंवा सूर्यबंबावर काहीही न जाळता होते. आणि घरातला स्वयंपाक, जेथे बाई तासन्‌तास विस्तवाशी बसते, तो गॅसवर व्हावा. जेथे गॅस परवडत नाही तेथे धुराडे असलेली सुधारलेली चूल बसवावी आणि लाकूड वाळवूनच जाळावे. पुण्यातल्याच 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत काढली. तिला २००२ साली इंग्लंडचे ॲशडेन पारितोषिक मिळाले, आणि स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणाऱ्या लहान गॅससंयंत्राबद्दल २००६ साली पुन्हा मिळाले. शेतात पेटवून दिले जाणारे पाचटसुद्धा इंधन आहे, हे यावरून दिसते.

गॅसविषयी एक इशारा दिला पाहिजे. हा वायू हवेपेक्षा जड आहे. गळती झाली तर तो छताकडे जात नाही, जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला कळावे म्हणून मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ त्यात मिसळतात. तसा वास आला तर आधी टाकीची चावी बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवा. टाकी नेहमी उभी ठेवावी आणि शेगडी टाकीपेक्षा उंचावर असावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा पाठ फळ्यावर न शिकवता अंगणात शिकवावा. मुलांकडून ओल्या लाकडाचा एक तुकडा तोलून घ्या, तो उन्हात ठेवा आणि दर आठवड्यास वजन लिहून ठेवा. वजन कमी व्हायचे थांबले की किती पाणी गेले ते मुले स्वतःच सांगतील. मग एक किलो वाळलेले लाकूड तोलून घ्या आणि चुलीवर पाच लिटर पाणी ठेवा. तापमापकाने २५ पासून ९५ अंशांपर्यंत नेले की विस्तव विझवा आणि उरलेले लाकूड तोला. उरलेला कोळसा वेगळा तोलून त्याचे वजन दुप्पट धरा, कारण कोळशाच्या किलोत लाकडाच्या दुप्पट उष्णता असते. ही दोन्ही वजने एक किलोतून वजा करा. साध्या चुलीत सुमारे पाऊण किलो लाकूड लागलेले दिसेल. पुढच्या शनिवारी चुलीला तीन बाजूंनी आडोसा करून, भांड्यावर झाकण ठेवून तोच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. किती लाकूड वाचले, ते मुले घरी जाऊन आईला सांगतील. चुलीपुढे रोज बसणारी तीच आहे, तेव्हा हा हिशेब तिच्यापर्यंत पोचला पाहिजे.