हळदीचा बेस आणि आवाजाचा मीटर

तुळशीचं लग्न लागलं की फलटणमधल्या मंगल कार्यालयांच्या आणि लॉन्सच्या तारखा भरू लागतात. शेजारच्या घरांतल्या तक्रारींचा हंगामही तोच. हे भांडण बहुतेक वेळा घड्याळापाशी येऊन थांबतं. डॉल्बी दहाच्या ठोक्याला बंद झाली की कायदा पाळला, असं मानलं जातं. वास्तविक ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वेळेइतकंच महत्त्व पातळीला आहे: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर याहून फार तर ५ ने जास्त. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेला निकाल या नियमांच्या अंमलबजावणीसाठीच होता. पण अंमलबजावणी अगदी चोख झाली तरी एक अडचण उरते. शेजाऱ्याची झोप ज्या आवाजाने मोडते, नेमका तोच आपलं माप कमी मोजतं.

नियमातला डेसिबल ‘ए’ जातीचा आहे. मंद आवाजातला खर्ज माणसाच्या कानाला कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये आलेखांनी दाखवलं. त्याच धर्तीवर मीटरमध्ये खर्जाला कात्री लावण्याची पद्धत आली. ६३ हर्ट्‌झच्या ठोक्यातून ‘ए’ मापात २६ डेसिबल वजा होतात, म्हणजे ८० डेसिबलचा निव्वळ खर्ज मीटरवर ५४ दिसतो आणि दिवसाच्या मर्यादेत आरामात बसतो. आवाज मोठा झाला की कानाची खर्जाबाबतची ही उदासीनता कमी होते. कात्री मात्र तेवढीच चालते. यावर कोणी म्हणेल की डॉल्बीत बेसबरोबर टॉपही असतो, त्यामुळे ‘ए’ मापातसुद्धा मर्यादा ओलांडलेली दिसेलच. कार्यालयाच्या फाटकाशी दिसेल, हे मान्य. घरापर्यंत पोचता पोचता मात्र चित्र बदलतं. ५० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते आणि पुरुषभर उंचीची कंपाउंडची भिंत ती सहज वळसा घालून ओलांडते. भिंत किंवा छप्पर आवाज अडवतं ते मुख्यतः वजनाच्या जोरावर, आणि स्वर जितका खालचा तितकं ते वजन अपुरं पडतं. पत्र्याच्या शेडचंच घ्या: चौरस मीटरला पाचेक किलो वजनाचा पत्रा हजार हर्ट्‌झचा स्वर ढोबळमानाने २५ डेसिबलने कमी करील, ६३ हर्ट्‌झचा जेमतेम ३ ने. शेजाऱ्याला गाण्याचे शब्द कळत नाहीत, ठोके तेवढे छातीत बसतात, ते यामुळे. नियम बंदिस्त सभागृहांना रात्रीच्या बंदीतून सूट देतात. पत्र्याचं सभागृह खर्जाच्या हिशेबात बंदिस्त म्हणायचं की उघडं, हे ज्याने त्याने ठरवावं.

त्यात फलटणचं हवामान. हा पर्जन्यछायेतला कोरडा, मोकळा मुलूख. हिवाळ्यात आकाश निरभ्र असलं की जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. ऐन लग्नसराईत संध्याकाळचा आवाज दुपारच्यापेक्षा कितीतरी लांब पोचतो तो म्हणूनच.

‘कार्यालय आधीचं, घरं नंतरची’ हा नेहमीचा बचाव. नियमातली मर्यादा विभागाच्या प्रकारावर ठरते, आधी कोण आलं यावर नाही. ‘वर्षातून एकदाच लग्न’ हा दुसरा. घरच्या माणसांसाठी ते खरं आहे. शेजाऱ्याच्या वाट्याला मात्र हंगामातली प्रत्येक तारीख येते. तिसऱ्या आक्षेपात अधिक तथ्य आहे: आहे तो नियमच धड पाळला जात नाही, तिथे नवं माप कशाला? कारण आजच्या मापाने प्रामाणिक कार्यालयवाल्यालाही आपलं कुठे चुकतंय हे कळत नाही. तक्रार आली की तो बॉक्सची तोंडं शेताकडे फिरवतो. टॉपला त्याने फरक पडतो. बेसचा बॉक्स साधारणपणे चारी दिशांना सारखाच वाजतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या खिडकीला फरक जाणवत नाही. बेस उतरवणं हाच खरा उपाय. तो न जमल्यास बेसचे काही बॉक्स उलटे ठेवून, त्यांना किंचित उशिरा आवाज देऊन मागच्या बाजूचा खर्ज मारता येतो. जाणकार साउंडवाल्यांना हे तंत्र ठाऊक असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत यावर साधी कसोटी आहे: खर्ज जवळजवळ न कापणारं ‘सी’ माप आणि ‘ए’ माप यांत १० डेसिबलहून जास्त अंतर असेल, तर तो आवाज वारंवारितेनुसार उलगडून तपासावा. अॅम्स्टरडॅममध्ये खुल्या मैदानातल्या संगीत कार्यक्रमांना ‘सी’ मापाची मर्यादा घालतात. आपल्याकडे पहिल्या पायरीला नवं यंत्रही लागणार नाही, कारण बहुतेक मीटरवर ‘ए’च्या जोडीला ‘सी’चं बटण असतंच. ध्वनिवर्धकाची परवानगी लेखीच घ्यावी लागते. तिच्या अटींमध्ये सर्वांत जवळच्या घराच्या खिडकीपाशी घेतलेले दोन्ही आकडे मागावेत, आणि तेही संध्याकाळी, पहिलं गाणं सुरू असताना.